रोजच्या व्यवहारातली बेरीज: तुमच्याकडे कशी होते?

काल जांभळी नाक्यावर भाजी घेत होते, शेजारच्या आजी नातवाला म्हणाल्या, "भेंडी तीसची, कोथिंबीर वीसची, सांग बघू किती द्यायचे?" एकदम बाबा आठवले. ते पैसे माझ्याच हातात द्यायचे, दुकानदाराला मोजून मीच द्यायचे. माझी लेक पहिलीत आहे आणि आम्ही फोनने स्कॅन करून मोकळे, सुटे पैसे तिला दिसतच नाहीत. तुम्ही कसं करता? लिहा प्लीज.

ऐरोलीकर:
डबे भरताना. बाबांच्या ४ पोळ्या, दादाच्या ३, एकूण किती लाटू? आमचा दरवेळी एकपासून मोजायचा. मग सासूबाईंनी सांगितलं मोठा आकडा मनात, छोटा बोटांवर. चार मनात, आणि पुढे पाच, सहा, सात. जमायला दिवाळी उजाडली पण बसलं ते बसलं.

घणसोली_आई:
ठाणे-वाशी ट्रेन!! कोपरखैरणेपर्यंत ५ स्टेशनं, पुढे तुर्भे सानपाडा वाशी ३, झाली ८. आधी ७च होती, २०२४ला दिघा गाव सुरू झालं ना, तेव्हा लेकीने स्वतःच एक वाढवला

कळव्याची ताई:
मटार सोलताना, या शेंगेत ६ त्या शेंगेत ५. अर्धे पोटात जातात ते वेगळं 😄

ऐरोलीकर:
@कळव्याची ताई मटार कुठून आणलात? इकडे फार महाग आहे

शिक्षिका_वाशी:
पहिली-दुसरीला शिकवते म्हणून कळकळीने सांगते, वहीची घाई नको. आधी चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या हातात द्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. दहाच्या जोड्या पाठ हव्यात, ७ ला ३, ६ ला ४. मग ८ आणि ५ आले की पाचातले २ आठला देतात, दहाचा गठ्ठा, उरले ३, तेरा. हा गठ्ठा म्हणजेच हातचा, तो हाताने बांधलेला असला की वहीत अडत नाही.

पाचपाखाडी:
२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंना किती बोलले लोक. माझी भाची एकोणतीस म्हटलं की ३९ लिहायची, वीस नऊ म्हटलं की बरोबर २९. दोन्ही शिकवा की, बिघडतं काय

रबाळे१२:
आमचा वहीत पानभर बरोबर करतो आणि दुकानात विचारलं की गप्प. खूप वाईट वाटतं हो

शिक्षिका_वाशी:
@रबाळे१२ मागे लोक ताटकळलेले असतात, घाबरतात पोरं. आधी घरी दुकान मांडा, खरी नाणी घेऊन, तो दुकानदार आणि तुम्ही गिऱ्हाईक.

रबाळे१२:
आज संध्याकाळीच मांडते. पण १ आणि २ची नाणी आणू कुठून, घरात सगळ्या नोटाच

कळव्याची ताई:
दूधवाल्याकडे मागा, आमचा तर डबाभर देतो