कांजिण्या : ‘एकदा येऊन जाऊ देत’ म्हणण्यापूर्वी

‘लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की कायमची सुटका होते, मग लस कशाला,’ हे म्हणणे मला अपुरे वाटते, कारण हा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उलटू शकतो.

‘आजारी मुलाला वेगळे ठेवू’ हेही गिरगावातल्या दोन खोल्यांत म्हणण्यापुरतेच. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग पसरतो, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत मूल शाळेत आणि शिकवणीला जाऊन आलेले असते. आमच्याकडे पुतण्याला फोड उठले तेव्हा आईने चौकटीला कडुनिंबाचा डहाळा बांधला (त्याला माझी हरकत नाही), आणि पंधराव्या दिवशी माझ्या अडतीस वर्षांच्या भावाला ताप भरला. पुतण्या आठवड्यात खेळू लागला. भाऊ मात्र तीन आठवडे अंथरुणाला खिळला. प्रौढांना हा आजार जड जातो, न्यूमोनियाचीही भीती असते.

जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ च्या सुमारास विकसित केलेली ही लस दोन मात्रांत घेतात. सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नसल्याने बालरोगतज्ज्ञांकडे आपणहून विचारावी लागते. घरात रुग्ण निघाल्यावरही तीन ते पाच दिवसांत ती घेतल्यास उपयोग होऊ शकतो. जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणी मात्र ती देत नाहीत. आणि कांजिण्यांच्या तापात मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये.