लेझर आणि केमिकल पील : आधी काय विचारले गेले?

सौंदर्योपचारांनंतर झालेला त्रास सहसा कोणी बोलून दाखवत नाही, कारण ‘हौसेने केलेत ना, मग आता भोगा’ हे ऐकून घेण्याची कोणाचीच तयारी नसते. म्हणूनच वाचकांकडून अनुभव मागवताना, उपचारापूर्वी तुम्हाला काय विचारले गेले, हेही लिहिण्याची विनंती केली होती.

एक वाचक लिहितात : “हनुवटीवरच्या केसांसाठी लेझर घेतले, तेव्हा त्वचा उन्हाने रापलेली होती, तिकडे कोणी लक्ष दिले नाही. लेझरची ऊर्जा केसातील मेलॅनिन या रंगद्रव्याने शोषावी अशी अपेक्षा असते, पण त्वचेतच ते जास्त असेल तर त्वचा भाजते. माझ्या खपल्या पडल्यावर काळपट डाग उरले आणि ते फिकट व्हायला कित्येक महिने लागले. सावळ्या त्वचेसाठी ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा १०६४ नॅनोमीटरचे एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित असते आणि आधी लहानशा जागेवर चाचणी घेतात, हे मला दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडून, म्हणजे डाग पडून गेल्यावर, कळले.”

“गालांवरच्या वांगासाठी लेझर टोनिंग (कमी ऊर्जेच्या लेझरच्या अनेक बैठका) केले. सुरुवातीला वांग फिकट झाले, पण उपचार थांबताच पूर्वीपेक्षा गडद होऊन परतले, आणि मधूनमधून बारीक पांढरे ठिपकेही उमटले. ते वांगापेक्षा अधिक उठून दिसतात.” (वांग पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे कायमचा इलाज म्हणून लेझर सुचवणाऱ्याविषयी मला शंकाच वाटते.)

केस काढण्यासाठी गालांवर लेझर घेतल्यावर भोवतालच्या भागात उलट अधिक दाट केस आल्याचे दोघींनी कळवले. हा दुष्परिणाम दुर्मीळ असला तरी वैद्यकशास्त्राला परिचित आहे.

“तापानंतर ओठांवर फोड येतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेता का, असे डॉक्टरांनी केमिकल पीलपूर्वी (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढण्यापूर्वी) खोदून विचारले, तेव्हा मला ते अनाठायी वाटले होते. फोड येतात म्हटल्यावर त्यांनी आधीपासूनच विषाणूरोधक गोळ्या सुरू केल्या, कारण पीलनंतर उघड्या पडलेल्या त्वचेवर हर्पीस, म्हणजे हे फोड आणणारा विषाणू, चेहराभर पसरू शकतो.”

शेवटचे पत्र घरी मागवलेल्या ग्लायकॉलिक आम्लाच्या पीलचे आहे : “ते ठरलेल्या वेळी निष्प्रभ करून धुवायचे असते, हे बाटलीवर कुठेही लिहिलेले नव्हते. जळजळ होत होती, तरी असर होतोय असे समजून मी ते तसेच ठेवले.”