भारताची फुटबॉल टीम तुम्हाला ‘आपली’ कधी वाटली? अनुभव लिहा

परवा मुलाने विचारलं, बाबा वर्ल्डकपमध्ये आपली टीम का नसते? मी लहानपणापासून ऐकलेलं सांगून टाकलं, १९५० ला जागा मिळाली होती पण आपले लोक अनवाणी खेळायचे म्हणून जाता आलं नाही. रात्री वाचत बसलो तर खरं कारण ते नव्हतंच. बाकीच्या टीम गळाल्या म्हणून ब्राझीलचं आमंत्रण आपल्याकडे आलं आणि आपल्या फुटबॉल फेडरेशननेच नाही म्हटलं. त्या वेळचे कॅप्टन शैलेन मन्ना यांनी नंतर सांगितलंय की तेव्हा फेडरेशनला ऑलिंपिकपुढे वर्ल्डकपची किंमतच वाटत नव्हती. १९३७ ला सिमल्यात स्थापन झालेली संस्था, १९४८ ला फिफात गेली, आणि दोन वर्षांत दारात आलेलं परत पाठवलं. फार वाईट वाटलं हो. मुलाला सकाळी उठवून खरं सांगितलं. तुमच्या घरात, गावात ही टीम कशी आली ते लिहा, हरलेल्या मॅचचंही लिहा.

काचीगुडा
आम्ही हैदराबादचे मराठी, चार पिढ्या इथेच. आजोबा रहीमसाहेबांबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक, आमच्या हैदराबाद सिटी पोलिसच्या फुटबॉल टीमचे कोच. त्या टीमने १९५० ते ५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला, आणि भारताची टीमही तेच घडवत होते. आजोबांची आवडती गोष्ट १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्सची. इस्रायल आणि तैवानला बाहेर ठेवल्याबद्दल आपले क्रीडा पदाधिकारी सोंधी बोलले म्हणून सगळं स्टेडियम आपल्या विरोधात, फायनलला समोर दक्षिण कोरिया, जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, तर रहीमसाहेबांनी त्या डिफेंडरला चक्क पुढे फॉरवर्ड म्हणून खेळवलं आणि त्यानेच गोल मारला. त्याआधीचा पी. के. बॅनर्जींचा. २-१, गोल्ड. तेव्हा रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्या जूनमध्ये ते गेले. आजोबा इथपर्यंत आले की गप्प बसायचे, मग आम्हीही काही विचारायचो नाही. त्यानंतर एशियन गेम्सचं फुटबॉलचं गोल्ड आपल्याला आजपर्यंत मिळालेलं नाही.

गिरगावकर
वडिलांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावर नेव्हिल डिसोझाला खेळताना पाहिलंय. १९५६ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२ हरवलं त्यात तीन गोल नेव्हिलचे, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. आपण चौथे आलो होतो! वडील म्हणायचे पेपरात नाव वाचलं तेव्हा घरातल्याच कुणाचं छापून आल्यासारखं वाटलं.

पेठेतला
कोल्हापुरात फुटबॉल कुणी शिकवावा लागत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी दोन तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमला दुपारपासून जागा धरायची, तालमीची पोरं एकीकडे, आई भाकरी बांधून द्यायची. वर्ल्डकपला पेठेत अर्जेंटिना ब्राझीलचे झेंडे, मोठमोठे कटआउट. पण भारताची मॅच? खरं सांगतो, लावतच नव्हतो, कुठल्या चॅनेलवर आहे तेपण माहीत नसायचं. ते बदललं २०१७ ला. अंडर-१७ वर्ल्डकप आपल्याकडे आणि टीममध्ये आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. म्हणजे जी टीम दिल्लीला असते असं वाटायचं तिच्यात आपल्या मातीतला पोरगा. कोलंबियाच्या मॅचला आम्ही तालमीत तीस-पस्तीस जण एका टीव्हीपुढं, कोपऱ्यात म्हातारी माणसंपण. ८२ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि आपल्या जीक्सनने हेडर मारला, वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल, सगळे एकमेकांच्या अंगावर, कुणीतरी खुर्ची मोडली. अजून ओरडतोयच तोवर त्यांनी लगेच दुसरा मारला. हरलो २-१. घरी जाताना कुणी बोलत नव्हतं, पण त्या दिवसापासून भारताची मॅच आमच्याकडे चुकत नाही बघा.

अंधेरी वेस्ट
जून २०१८. आदल्या मॅचला अडीच हजारच माणसं आली म्हणून आपला कॅप्टन सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकला होता, आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियमला या, असा. मी स्टेडियमपासून वीस मिनिटांवर राहते आणि एकदाही गेले नव्हते, लाज वाटली. केनियाची मॅच, धो धो पाऊस, मैदानात इतकं पाणी की पास दिलेला बॉल मध्येच थांबायचा. त्याची शंभरावी मॅच. सगळं फुल, कुणी जागचं उठत नव्हतं. ३-० जिंकलो, दोन त्याचे. सात तारखेपर्यंत सर्दी गेली नाही.

दोहाहून
सप्टेंबर २०१९, कतार तेव्हा एशियाचे चॅम्पियन आणि छेत्री तापाने बाहेर. माझ्या ऑफिसातले मल्याळी मित्र तिकीट काढून घेऊन गेले. आपला गोलकीपर गुरप्रीतने काय काय अडवलं ते मोजता येत नाही. ०-०. बाहेर पार्किंगमध्ये तासभर नाचलो, ड्युटी सकाळी सहाला होती.

लेफ्ट बॅक, पुणे
मुलींचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या जिल्ह्याच्या ट्रायलला कपडे बदलायला खोली नव्हती, मैत्रिणीच्या आईने चादर धरून आडोसा केला होता. २०२२ च्या जानेवारीत मुलींचा एशियन कप आपल्याकडे, नवी मुंबई, मुंबई, पुणे. मी किती दिवस वाट बघत होते. चायनीज तैपेईच्या (म्हणजे तैवानच्या) मॅचला खेळायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत इतका कोविड पसरला टीममध्ये आणि स्पर्धेतूनच बाहेर. यजमान असून. त्याच ऑगस्टमध्ये फिफाने फेडरेशनला सस्पेंड केलं, ऑक्टोबरचा मुलींचा अंडर-१७ वर्ल्डकप जातोय असं वाटलं, बंदी अकरा दिवसांत उठली म्हणून वाचला. नेहमी भांडण वरच्यांचं आणि जीव आमचा टांगणीला. पण जुलै २०२५ ला चियांग माईत थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवून मुली एशियन कपला पात्र ठरल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी एकटीच घरात रडत होते, आई म्हणाली काय झालं गं.

सावंतवाडी
आम्ही २०२५ च्या ऑक्टोबरात गोव्यात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला गेलो होतो, सिंगापूरची मॅच. जिंकलो असतो तर २०२७ च्या एशियन कपची आशा राहिली असती. आपल्या छांगटेने लांबून मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी मला उचललंच. मग हाफटाइमच्या आधी एक खाल्ला, नंतर आणखी एक, १-२. शिट्टी वाजल्यावर पुढच्या रांगेतलं पोरगं हलेनाच, त्याचा बाप सारखा “चल रे, चल” म्हणत होता. येताना गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत गाडीत कुणी गाणं लावलं नाही. पुढची मॅच मडगावला लागली की जाणार आहेच, गाडीत दोन जागा आहेत, बांदा किंवा म्हापशाला कुणी थांबणार असेल तर सांगा.