लिमाला ४ दिवस दिले तर वाया जातील का? (एकटी, शाकाहारी, पाठीवर सॅक)

खडूस_मांजर
नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये पेरूला जायचं चाललंय, मी पुण्याची, एकटीच जाणारे. मुख्य माचू पिचूच, पण विमान लिमालाच उतरतं त्यामुळे तिथे किती दिवस काढायचे इथे घोडं अडलंय. व्हिडिओंमध्ये जो तो सांगतो लिमात काही नाही, राखाडी आकाश, ट्रॅफिक आणि चोर, एक रात्र झोपा आणि कुस्कोला (माचू पिचूच्या वाटेवरचं शहर) पळा. आमच्या टीममधला एक पेरूचा मुलगा म्हणतो चार दिवसही कमी पडतील, पण तो लिमाचाच आहे, त्याचं किती मनावर घ्यायचं? मी अंडं खाते, मासे-मटण-चिकन नाही, स्पॅनिश शून्य, राहणार हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये. अमेरिकेचा व्हिसा आहे २०२९ पर्यंतचा, त्यावर पेरूत सोडतात म्हणे, खरंय का? आणि संध्याकाळनंतर एकटीने बाहेर पडता येतं का तेही सांगा, आईला काहीतरी उत्तर द्यायचंय.

सॅकवाला_सातारा
४ दिवस ठेव, डोळे झाकून.

व्हिसाचं आधी संपवतो. हो, अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा निदान ६ महिने शिल्लक असेल तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही. पण हे आपल्याकडच्या चेक-इन काउंटरवरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही, माझ्यासमोर त्याने तीन जणांना फोन केले, त्यामुळे नियमाचा प्रिंट जवळ ठेव.

आकाशाचं म्हणतात ते खोटं नाही. जून ते ऑक्टोबर नुसतं पांढुरकं झाकण असतं, तिथली लोकं त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात आणि दोन दिवसांत तुलाही पटेल. समोरच्या समुद्रातून हम्बोल्टचा थंड प्रवाह जातो, त्यामुळे धुकं येतं, भुरभुर येते, पण पाऊस असा नाहीच, आपल्याकडे एका सरीत पडतो तेवढा तिथे वर्षभरात पडत असेल. घरांना पन्हळी नाहीत हे बघून माझ्यातला कोयनेकाठचा माणूस पार गोंधळला होता. स्वेटर घे, छत्री घेऊ नकोस.

राहायला मीराफ्लोरेस किंवा बारांको. मीराफ्लोरेस म्हणजे कोरेगाव पार्क समजून घे, सेफ, महाग, सगळीकडे कॉफी. तिथल्या केनेडी पार्कमध्ये मांजरांचं राज्य आहे, तुझं नाव बघून आठवलं. मला स्वतःला बारांको जास्त आवडलं, जुने रंगीत वाडे, भिंतींवर चित्रं आणि सुस्काऱ्यांचा पूल म्हणून एक लाकडी पूल आहे, पहिल्यांदा श्वास रोखून ओलांडला तर इच्छा पुरी होते म्हणतात (मी रोखला होता, प्रमोशन अजून नाही). मीराफ्लोरेसहून बारांकोला कड्याच्या कडेकडेने चालत जा, समुद्र खाली साठ-सत्तर मीटरवर, आणि खाली वाळू नाही, गोटे आहेत, लाट मागे जाताना सगळे गोटे एकदम खडखडतात, तो आवाज ऐकायला मी दोन संध्याकाळी नुसता बसलो होतो. ढग फाटले तर सूर्य समुद्रातच बुडतो, कोकणासारखा.

मीराफ्लोरेसच्या मध्यात वाका पुक्याना आहे, इंकांच्या कितीतरी शतकं आधीचा मातीच्या विटांचा पिरॅमिड. विटा आडव्या नाहीत, फडताळातल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात आणि मध्ये फटी सोडल्यात, भूकंपात हलतील पण पडणार नाहीत म्हणून. पायथ्याशी ट्रॅफिक चाललेलं असतं, शेजारी लोकांचे कपडे वाळत असतात. माचू पिचूच्या आधी हे बघ, नंतर बघितलंस तर 'छोटंसंच आहे' म्हणशील.

फुकटचा_सल्ला
सगळे गोड गोड सांगतायत म्हणून मी कडू सांगतो. २०२४ मध्ये गेलो होतो, टॅक्सीत मागे बसून मॅप बघत होतो, काच अर्धी खाली, सिग्नलला हात आला आणि फोन गेला, सहा सेकंद पण लागले नसतील. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला काच वर ठेवायची असते. आता सांगतोय!! टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसायच्या आधी ठरवायचं नाहीतर ॲपने जायचं, रस्त्यावर हात करून रात्री बसायचं नाही. शिवाय हल्ली बसवाल्यांकडून खंडणी मागायचे प्रकार फार वाढलेत, त्यामुळे अधूनमधून आणीबाणी जाहीर होते आणि बसवाले संप करतात. 'पारो' शब्द कानावर आला की समज आज बस नाही, त्या दिवशी एअरपोर्टला जायचं असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेव. माझं मत विचारशील तर २ दिवस बास.

सॅकवाला_सातारा
@फुकटचा_सल्ला फोनचं वाईट झालं, पण काच खाली ठेवून फोन हातात धरला तर तो दादरलाही जाईल ना राव. आणीबाणीचं मात्र बरोबर आहे, निघायच्या आठवड्यात बातम्या बघून घे. संध्याकाळी मीराफ्लोरेस आणि बारांकोच्या गजबजलेल्या भागात माणसं सहकुटुंब फिरत असतात, तिथे ठीक. जुन्या शहरात मात्र दिवसाउजेडी जा आणि अंधाराच्या आत परत ये. जायला मेट्रोपोलितानो बस, तिची स्वतःची लेन आहे त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, बारांकोपासून थेट सेंटरपर्यंत. कार्ड लागतं, नसेल तर कुणालाही पैसे देऊन त्याचं कार्ड टेकवून घे, सगळे करतात.

लिमाची_माजी_वहिनी
उशिरा बघितलं. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही ३ वर्षं लिमात होतो आणि मी पक्की शाकाहारी, तेव्हा खाण्याचं मी सांगते गं. 'सिन कार्ने' म्हटलंस की त्यांच्या मते गाय-डुक्कर नको, मग ते प्रेमाने चिकन घालून आणतात. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' असं कोंबडी आणि मासा दोन्हीचं नाव घेऊन सांगायचं, आणि सूप विचारूनच घ्यायचं कारण पाणी कोंबडीचं असतं. दुपारी सगळीकडे 'मेनू' मिळतो, म्हणजे आपली राइस प्लेट समज, सूप, मुख्य पदार्थ आणि सरबत, साध्या खानावळीत १२ ते २० सोल (१ सोल साधारण २५ रुपये धर).

तू अंडं खातेस म्हणजे सुटलीस. पापा आ ला वांकाईना मागव, उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा गार सॉस, वर अंडं. काउसा म्हणजे लिंबू-मिरची घातलेल्या बटाट्याचे थर, त्यात 'पाल्ता' म्हणजे अवोकाडो भरलेला माग. चिफा म्हणजे तिथली चायनीज हॉटेलं, गल्लोगल्ली आहेत, भाताचं काहीतरी मिळतंच. आणि अगं बटाटा, मिरची, शेंगदाणा हे सगळं अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलंय, उपवासाचं अर्धं ताट तिकडचं! सुर्कीयोच्या मंडईत 'कीविचा'ची वडी दिसेल, ती खाऊन बघ, आपला राजगिराच तो, मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा एकादशी आठवून डोळ्यात पाणी आलं होतं. चिरिमोया म्हणजे सीताफळाची थोरली बहीण. संध्याकाळी गाडीवर पिकारोनेस, रताळं-भोपळ्याची तळलेली कडी, वर पाक, तो पाक आपल्या गुळाचाच म्हण ना. नळाचं पाणी पिऊ नकोस.

आणि ऑक्टोबर म्हणतेस तर १८-१९ तारखेला लिमात राहायचं जमव. सेन्यॉर दे लॉस मिलाग्रोसची मिरवणूक असते, अख्खं शहर जांभळं. भूकंपातही न पडलेल्या एका भिंतीवर गुलाम आफ्रिकी माणसाने रंगवलेला ख्रिस्त, त्या चित्राची प्रत खांद्यावर घेऊन तासन् तास चालतात आणि पुढे बायका धुपाटणी घेऊन देवाकडे तोंड करून उलट्या चालतात. मी नाशिकची, गर्दीची सवय आहे, तरी अवाक झाले होते. सॅक हॉस्टेलवर ठेवून जा, पैसे आतल्या खिशात.

खडूस_मांजर
बाप रे, एवढं! मग असं करते, १७ ला उतरते, २१ ला कुस्को. @फुकटचा_सल्ला काच वर ठेवीन, शपथ. राजगिऱ्याची वडी ऐकून आई निम्मी शांत झालीये.

सॅकवाला_सातारा
एक राहिलंच, यलो फीवरची लस. लिमा शहरात तिचं काम नाही पण भारत सरकारच्या यादीत पेरू आहे, परत येताना पिवळं कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की आयुष्यभर चालते, आणि फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे अपॉइंटमेंटचा घोळ असतो, आजच बघ.

खडूस_मांजर
आईला हे नव्हतं सांगायचं, तीच शेजारी बसून वाचतीये 😭