लेगेट-गर्ग असमानता: क्यूबिटवर १.५ ऐवजी ०.७५ का येतं?

प्रश्न
एकाच क्यूबिटचं (क्वांटम संगणकातल्या बिटचं) तीन वेळा मापन करून लेगेट-गर्ग असमानता तपासायचीय; वस्तू दर क्षणी एका ठरावीक स्थितीत असते आणि मापनाने बिघडत नाही, असं मानलं तर ती पाळली जायला हवी. सर्किट असं: मापन, वाय-अक्षाभोवती ६०° फिरवणं, मापन, पुन्हा ६०°, मापन. निकाल ±१ धरून के = सी१२ + सी२३ − सी१३ काढलं (सी१२ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या निकालाच्या गुणाकाराची सरासरी, बाकीचे तसेच). नॉइज शून्य असलेल्या सिम्युलेटरवरही ०.७५ येतं. अभिजात मर्यादा १ आणि क्वांटम १.५ असेल, तर चुकतंय कुठे?

उत्तर १
तिन्ही मापनं एकाच रनमध्ये घेतलीत, तिथेच गोची आहे. मधल्या मापनाने सुपरपोझिशन (० आणि १ ची एकत्र स्थिती) मोडते आणि सी१३ = ०.५ × ०.५ = ०.२५ होतं. म्हणून ०.५ + ०.५ − ०.२५. एकाच रनमधल्या तीन ±१ आकड्यांवरून के १ च्या वर जाऊच शकत नाही, ते साधं अंकगणित आहे.

तीन वेगळी सर्किटं चालवा. सी१३ च्या सर्किटमधून मधलं मापन काढा, तिथे कोसाइन १२०° म्हणजे −०.५ मिळेल. सी२३ मध्ये मधल्या मापनानंतर रीसेट घालू नका. सर्किटमागे ३,६०० शॉट्स (आवृत्त्या) घेतले तर के मधली सांख्यिकीय त्रुटी साधारण ०.०२५ राहते.

उत्तर २
खऱ्या चिपवर चालवणार असाल तर रीडआउट (मापनाचं वाचन) आधी बघा. प्रत्येक मापन दोन्ही बाजूंना सारखंच चुकत असेल, तर चुकीचं प्रमाण ९.२% च्या खाली हवं, नाहीतर के १ ओलांडत नाही. डिफेझिंग (सुपरपोझिशन आपोआप विरणं) त्या मानाने सुसह्य. दोन फिरवण्यांमध्ये कोहेरन्सचा (सुपरपोझिशनच्या शाबूतपणाचा) व्ही इतका भाग टिकला तर के = ०.७५ × (१ + व्ही), म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त टिकला की पुरे. व्ही शून्य केलं की तुमचंच ०.७५ परत येतं.

जास्त त्रास मधल्या मापनाचा. रेझोनेटरमध्ये (क्यूबिट वाचायच्या सर्किटमध्ये) उरलेले फोटॉन क्यूबिटची वारंवारता सरकवतात आणि दुसरं फिरवणं नेमकं ६०° राहत नाही. थोडा डिले द्यावा, पण फार नको, तेवढ्यात १ ची स्थिती ० वर घसरते. सी१३ मध्येही तेवढाच डिले ठेवा आणि बॅरिअर घाला. नाहीतर कंपायलर दोन्ही गेट्स मिळून १२०° चं एकच करतो.

प्रश्नकर्ता
वेगळं चालवल्यावर १.५ आलं. पण वेगवेगळ्या सर्किटांचे आकडे एकत्र करणं ही पळवाट नाही का?

उत्तर ३
शंका रास्त आहे. मधल्या मापनाने पुढचं काही बिघडत नाही, हे लेगेट आणि गर्ग यांचं १९८५ चं गृहीतक तिथेच वापरलं जातं. बेलच्या प्रयोगात (दोन दूरच्या कणांवरच्या अशाच चाचणीत) दोन मापनांमधलं अंतर आधाराला असतं; इथे दुसरं मापन तिसऱ्याच्या आधीच होतं, म्हणजे त्याचा परिणाम पुढे पोचू शकतो. धसमुसळं अभिजात उपकरणसुद्धा के ३ पर्यंत नेऊ शकतं, त्यामुळे नुसत्या १.५ वर फार भरवसा ठेवू नये.

म्हणून कंट्रोल रन घ्या. मधल्या वेळेला क्यूबिट आधी ० मध्ये, मग १ मध्ये तयार करा आणि मापनासह व मापनाविना शेवटचा निकाल ताडून बघा. इथे फरक दिसला तर तो उपकरणाचा धसमुसळेपणा. त्याहून चांगलं म्हणजे नकारात्मक मापन: सीनॉटने (क्यूबिट १ असेल तरच दुसरा पलटवणाऱ्या गेटने) अ‍ॅन्सिला, म्हणजे मदतीचा दुसरा क्यूबिट, जोडा, अ‍ॅन्सिला न पलटलेले रनच ठेवा, मग उलट्या (० असताना पलटवणाऱ्या) सीनॉटने उरलेला अर्धा भाग मिळवा.

सोबत साधी संभाव्यताही तपासा. ० पासून सुरुवात केली तर शेवटी ० मिळण्याची शक्यता मधलं मापन नसताना २५%, असताना ६२.५%. पूर्ण मिश्र स्थितीत (० आणि १ ची शक्यता सारखी, सुपरपोझिशन नाही) मात्र दोन्हीकडे ५०% येतं, के तरीही १.५ च. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या गटाने २०११ मध्ये एनएमआरवर (केंद्रकीय चुंबकीय अनुनादाच्या उपकरणावर) क्लोरोफॉर्ममधल्या कार्बन-१३ च्या स्पिनवर हीच असमानता तपासली होती. तिथला नमुना खोलीच्या तापमानाला जवळजवळ मिश्रच असतो.