‘शो अँड टेल’ला मराठीत काय म्हणावं? वस्तुपाठ, प्रात्यक्षिक की दाखव-सांग?

विचारणा

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या शाळांत बालवर्गापासून साधारण दुसरीपर्यंत ‘शो अँड टेल’ नावाचा छोटा तास असतो. मूल घरून एक वस्तू आणतं, वर्गापुढे ती दाखवतं, दोन-तीन मिनिटं तिच्याबद्दल सांगतं आणि मग बाकीची मुलं प्रश्न विचारतात. आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतही हा प्रकार रुळला आहे. परदेशातल्या सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी वर्गासाठी याला मराठी शब्द हवा आहे. वेळापत्रकावर लिहिता यायला हवा आणि पालकांना पाठवायच्या चिठ्ठीतही शोभायला हवा. ‘वस्तुपाठ’ चालेल का?

प्रतिसाद १

‘वस्तुपाठ’ अगदी जवळचा वाटतो, पण नेमका उलटा आहे. हा शब्द ‘ऑब्जेक्ट लेसन’साठी घडवलेला. स्वित्झर्लंडचे शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांचा आग्रह असा, की मुलानं आधी वस्तू पाहावी, हाताळावी आणि शब्द नंतर यावा. तिथून ही पद्धत इंग्लंडमध्ये गेली. १८३० च्या सुमारास एलिझाबेथ मेयो यांनी असे पाठ पुस्तकरूपात मांडले, त्यातला पहिला पाठ काचेवर आहे. शिक्षक काचेचा तुकडा मुलांच्या हाती देतो, प्रश्न विचारत जातो आणि गुळगुळीत, कठीण, ठिसूळ, पारदर्शक हे शब्द एकेक करून फळ्यावर येतात.

म्हणजे वस्तुपाठात वस्तू शिक्षकाची, प्रश्न शिक्षकाचे आणि उत्तर काय यायला हवं हेही आधीच ठरलेलं. ‘शो अँड टेल’मध्ये वस्तू मुलाची आणि माहितीही मुलाची, शिक्षक ऐकणाऱ्यांत बसतो. हा फरक नावात पुसला गेला तर तासातही पुसला जातो. शिक्षक मुलाच्या हातातून वस्तू घेतात आणि स्वतःच समजावून सांगायला लागतात.

शिवाय आजच्या मराठीत वस्तुपाठाचा शाळेतला अर्थ जवळपास विरला आहे. ‘त्यांनी काटकसरीचा वस्तुपाठच घालून दिला’ यात वस्तूही नाही, पाठही नाही, आहे ते अनुकरणीय उदाहरण. चिठ्ठीत ‘शनिवारी वस्तुपाठ आहे’ वाचून पालकांना काहीच उमगणार नाही.

प्रतिसाद २

कुठलाही जोडशब्द घेतलात तरी लेखनाकडे लक्ष असू द्या. ‘वस्तू’ सुटा लिहिताना दीर्घ, समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व. वस्तुपाठ, वस्तुस्थिती, वस्तुनिष्ठ, वस्तुसंग्रहालय. ‘वस्तूपाठ’ हे फलकांवर सर्रास दिसतं, ते चूक.

प्रतिसाद ३

बाकीचे शब्दही तपासू. ‘प्रात्यक्षिक’ म्हणजे क्रिया करून दाखवणं, मग ते प्रयोगशाळेतलं असो की पोळी लाटण्याचं. मूल आजोबांचा चष्मा घेऊन आलं तर त्याचं प्रात्यक्षिक होत नाही. ‘प्रदर्शन’मध्ये वस्तू मांडून ठेवतात, सांगणारा असेलच असं नाही. ‘सादरीकरण’ कचेरीतून आलेला शब्द, सहा वर्षांच्या मुलाच्या अंगाला तो ढगळ होतो. ‘वस्तुकथन’ अर्थानं बरोबर आहे, पण तोंडी कुणी म्हणणार नाही. अहवालात किंवा अभ्यासक्रमाच्या मसुद्यात तो जरूर वापरावा.

‘दाखवण्याचा कार्यक्रम’ मात्र कटाक्षानं टाळा. मराठी घरात त्याचा एकच अर्थ होतो आणि तो लग्नाच्या बोलणीतला आहे.

‘दाखल्यासह कथन’ असंही कुणी सुचवतं. ‘दाखला’ आणि ‘दाखवणे’ यांचं नातं नाही. दाखला अरबीतून आला, दाखवणे प्राकृतातल्या ‘दक्ख’वरून. आणि शाळेत दाखला म्हटलं की शाळा सोडल्याचाच आठवतो.

उपप्रश्न

‘दाखवा आणि बोला’ असं एका ठिकाणी लिहिलेलं पाहिलं. ते कसं वाटतं?

प्रतिसाद ४

‘बोला’ नको. बोलणं एकट्यानंही होतं, भाषणातही होतं. सांगण्याला ऐकणारा लागतो. कोणाला सांगितलं हे वाक्यात लिहिलं नसलं तरी मनात असतंच. या तासाचा जीव तोच आहे, कारण ऐकणाऱ्यानं पुढे प्रश्न विचारायचा आहे. ‘बोला’ लिहिलं की घरी भाषण पाठ करून घेतात. मूल ‘अध्यक्ष महाशय’च्या सुरात सुरुवात करतं आणि मधला एक शब्द विसरलं की सगळंच थांबतं.

जाता जाता, ‘आई मला बोलली की हे जुनं आहे’ असं मुलांच्या तोंडी हमखास येतं. तिथे ‘आईनं मला सांगितलं’ किंवा ‘आई म्हणाली’ हवं. मूल सांगत असताना टोकू नका. शिक्षकानं पुढचा प्रश्नच ‘आईनं आणखी काय सांगितलं?’ असा विचारावा, दुरुस्ती कानावरून जाते.

प्रतिसाद ५

माझं मत ‘दाखव-सांग’ला. मराठीत दोन धातू शेजारी ठेवून नाम करण्याची रीत जुनी आहे: ये-जा, ने-आण, उठबस, देवघेव, धरसोड. सगळी नामं स्त्रीलिंगी. म्हणून ‘आज रेवाची दाखव-सांग आहे’ हे कानाला सहज लागतं. ‘दाखवा आणि सांगा’ ही आज्ञा आहे, नाव नाही. ‘आज माझं दाखवा आणि सांगा आहे’ असं कोणतं मूल म्हणेल?

दुसरा साचा लपवाछपवी, पळवापळवी, फसवाफसवी यांचा. त्यावरून ‘दाखवादाखवी’ होईल, पण या साच्यात लबाडीची किंवा झटापटीची छटा येते. इथे ती नको.

उपप्रश्न

विभक्ती लावताना काय करायचं? ‘दाखव-सांगेचा’ की ‘दाखव-सांगीचा’?

प्रतिसाद ५ (पुढे)

देवघेवीचा, धरसोडीचं, तसं ‘दाखव-सांगीचा तास’. पहिल्यांदा ऐकताना अडखळायला होतं हे खरं. अडचण वाटली तर प्रत्यय ‘तास’ला लावा: ‘दाखव-सांग तासाला काय आणायचं?’ वेळापत्रकावर नुसतं ‘दाखव-सांग’ पुरे.

प्रतिसाद ६

नाव ठरलं असं धरून वापराकडे येते, कारण मराठी वर्गात या तासाची खरी परीक्षा व्याकरणाची असते. इंग्रजीत ‘धिस इज’ म्हटलं की भागतं. मराठीत वस्तू हातात घेतल्याक्षणी हा, ही की हे ठरवावं लागतं आणि ते लिंग पुढे प्रत्येक वाक्यात पाठलाग करतं. ‘मी’ म्हणणारी मुलगी असो वा मुलगा, ‘मी अडकित्ता आणला, पाटी आणली, जातं आणलं’ यात क्रियापद वस्तूच्या मागे जातं. परदेशात वाढणारी मुलं इथेच घसरतात, मुलगी असेल तर सगळ्यालाच ‘मी आणली’ म्हणते. म्हणून चिठ्ठीत वस्तूचं नाव लिंगासह लिहून मागवा: ‘हे चिपटं’.

चिपट्याचाच नमुना देते, कारण धान्य मोजायच्या मापांत तिन्ही लिंगं एका जागी भेटतात: हा शेर, ही पायली, हे चिपटं. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. मुलानं चिपटं आणि शेर आणावा, सोबत शेर भरून थोडा उरेल इतका तांदूळ आणि खाली ठेवायला परात. वाक्यं पाचच: ‘हे चिपटं आहे. हे पितळेचं आहे. यानं तांदूळ मोजतात. चार चिपटी ओतली की शेर भरतो. मोजा माझ्याबरोबर.’ मग वर्ग एक, दोन, तीन, चार मोजतो. हात कामात असला की मुलाचा आवाज मोकळा होतो, पुढचं वाक्य काय हे हातच आठवण करून देतो.

बिघडतं ते भरण्यात. चिपटं शिगोशीग भरलं आणि शेर मात्र काठोकाठ सपाट धरला, तर चौथं चिपटं शेरात मावत नाही, तांदूळ परातीत सांडतो. दोन्ही मापं काठावरून पट्टी फिरवून सपाट करावीत. पण एकदा सांडू द्या. सांडला की ‘शीग’ हा शब्द सांगायची वेळ येते. मापाच्या काठावर धान्याची जी टोकदार रास उभी राहते ती शीग. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ हे वर्तमानपत्रातलं वाक्य इथून आलं. ते मोठ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं, परातीकडे बघून एका क्षणात कळतं.

प्रतिसाद ७

महाराष्ट्रातल्या शाळांसाठी एक सूचना. दाखव-सांग परिपाठात घालू नये. परिपाठ मैदानावर किंवा मोठ्या सभागृहात होतो. तिथे सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा चालतात, कारण त्या ऐकायच्या असतात. पंधरा फुटांवरून चिपटं दिसत नाही. वर्गात गोल बसवून घ्या, एका दिवशी तीन-चार मुलंच ठेवा. अख्खा वर्ग एका दिवसात उरकला तर पाचव्यानंतर कुणी प्रश्न विचारत नाही. वस्तू हातोहात फिरवायची असेल तर सांगणं संपल्यावर फिरवा, आधी दिली की सगळ्यांचे डोळे वस्तूच्या मागे जातात.

प्रतिसाद ६ (पुढे)

पटलं. चिठ्ठीतही ‘एखादी जुनी वस्तू’ असं लिहू नका. मग कपाटातली जपून ठेवलेली चांदीची वाटी येते, तिला मुलानं कधी हात लावलेला नसतो आणि माहिती आईनं लिहून दिलेली असते. मजकूर असा ठेवा:

‘येत्या शनिवारी दाखव-सांग आहे. मूल घरात स्वतः हाताळतं अशी एक वस्तू पाठवावी. ती ओंजळीत मावावी, पडली तर फुटू नये. वस्तूचं मराठी नाव हा, ही किंवा हे लावून कागदावर लिहावं. माहिती लिहून देऊ नये. मुलाला येईल तेवढंच ते सांगेल.’

मापांची जोडी ओंजळीत मावत नाही, तेव्हा ती आणणाऱ्या मुलाच्या पालकांना वेगळं कळवा.

विचारणा करणाऱ्याकडून

‘दाखव-सांग’ वेळापत्रकावर घालतो आहे, अहवालात ‘वस्तुकथन’. चिठ्ठी जशीच्या तशी घेतली, फक्त ‘ओंजळीत’च्या आधी ‘दोन्ही हातांच्या’ जोडलं आहे. इथल्या काही पालकांना ओंजळ सांगावी लागते.