विषय: ऑगस्टमध्ये किंडरगार्टन, घरी मराठी – काय तयारी करावी?

प्रेषक: मृ. जो., सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी जुलैत पाच वर्षांची होईल आणि ऑगस्टमध्ये इथल्या, कॅलिफोर्नियातल्या, सरकारी शाळेत किंडरगार्टनला जाईल. आम्ही डिसेंबरात पुण्याहून आलो. तिथे ती ज्युनिअर केजीत होती. रोज वहीत एक पान अक्षरं, एक पान आकडे. इथे आल्यापासून घरीच आहे. मराठीत दिवसभर बडबड चालू असते. इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, पण बाहेर कोणी काही विचारलं की माझ्या ओढणीमागे जाते.

शाळा सुरू व्हायच्या आत तिला काय काय यायला हवं? भारतात घेतलेल्या लशी इथे चालतात का? आणि रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असं विचारलंय. तिथे सरळ 'इंग्रजी' लिही, नाहीतर परीक्षा मागे लागते, असं दोघीतिघींनी सांगितलं. तसं लिहायला माझं मन घेत नाही. तुमचा अनुभव काय?

मृ.

---

प्रेषक: अ. दा., फ्रीमाँट

ताई, लशींचं आधी हाती घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या वेळा मिळत नाहीत. आमचा मुलगा नाशिकहून आला तेव्हा आम्ही यातून गेलो आहोत.

भारतातल्या लशी चालतात, फक्त प्रत्येक डोसची तारीख असलेली लेखी नोंद हवी. कॅलिफोर्नियात किंडरगार्टनला डीपीटीचे ५, पोलिओचे ४, हेपॅटायटिस बीचे ३, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) २ आणि कांजिण्यांचे २ डोस लागतात. डीपीटी आणि पोलिओचा एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा असेल तर त्या दोन्हींत एकेक कमी चालतो. 'आम्हाला पटत नाही' म्हणून सूट मागायची सोय २०१५च्या कायद्याने बंद झाली.

आपल्याकडची मुलं अडकतात ती गोवराच्या लशीत. नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे धरत नाहीत, दोन्ही एमएमआर पहिल्या वाढदिवसानंतरच्या लागतात. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला मिळते, त्यात गालगुंडाची लस नसते, आणि कांजिण्यांची लस त्या यादीत नाहीच. खासगी डॉक्टरांकडे केलं असेल तर बहुतेक सगळं झालेलं असेल, पण कार्ड काढून बघा.

तुम्ही सांता क्लारा काउंटीत आहात, तिथे क्षयरोगाचा वेगळा फॉर्म असतो. मुलीचा जन्म भारतातला असल्याने तपासणी सांगतील. तिला बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, दिलेली असणार, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी क्षयरोग नसतानाही 'आहे' दाखवू शकते. डॉक्टरांना रक्ताच्या तपासणीबद्दल विचारा. दातांच्या तपासणीचा कागद ३१ मेपर्यंत दिला तरी चालतो.

अ. दा.

---

प्रेषक: वि. सा., सॅन होजे

अगं, आधी निर्धास्त हो. मी इथल्या शाळेत बरीच वर्षं किंडरगार्टनला शिकवून निवृत्त झाले. वर्गात येणारं मूल किती वाचतं हे मी पहिल्या आठवड्यात बघतच नसे. मी बघायची ते हे: शू लागली तर सांगता येतं का, धुऊन-पुसून, पँट वर घेऊन परत येता येतं का, डबा उघडता येतो का, जॅकेटची चेन लावता येते का, रांगेत दुसऱ्याला ढकलल्याशिवाय उभं राहता येतं का.

डब्याचं विशेष मनावर घे. आपल्या घरांतून पाच वर्षांच्या मुलाला भरवायची पद्धत आहे आणि त्यात माया आहे हे मला कळतं. पण शाळेत जेवायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच डब्याच्या झाकणाशी झटापटीत जातात. आजपासून दुपारचं जेवण तोच डबा, तीच बाटली घेऊन तिचं तिला जेवू दे. सांडू दे. २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत न्याहारी आणि दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट आहे, पण शाकाहारी मुलाला रोज आवडेल असं मिळेलच असं नाही. पोळीचा रोल, थालीपिठाचे तुकडे, दहीभात, जे तिला एकटीने संपवता येईल ते दे. शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की पाठवण्याआधी वर्गात कोणाला ॲलर्जी आहे का ते टीचरला विचार.

अभ्यासाचं म्हणशील तर वर्षाच्या शेवटी अपेक्षा असते ती शंभरपर्यंत मोजण्याची, ० ते २० आकडे लिहिण्याची, दहाच्या आतल्या बेरजा-वजाबाक्यांची, सगळी अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखून छोटे शब्द वाचण्याची. ज्युनिअर केजीतून आलेल्या तुझ्या लेकीला यातलं बरंच येत असेल. जे येत नसेल ते शिकवायला ते वर्ष आहे. ती कानाला येईल तसं स्पेलिंग लिहून आणेल. ते खोडू नकोस. आवाज ऐकून अक्षर शोधणं हीच त्या वयातली खरी लिहिण्याची सुरुवात आहे. प्रगतिपुस्तकात टक्के नसतात, बऱ्याच ठिकाणी १ ते ४ असे आकडे असतात. पहिल्या सत्रात २ दिसला म्हणून घाबरू नकोस. वर्षअखेरच्या अपेक्षेच्या वाटेवर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

'नुसतं खेळवतात' अशी तक्रार नव्या पालकांकडून मी फार ऐकली आहे. माझं बालपण डहाणूकडचं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर आदिवासी मुलांसाठी काम करत राहिल्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची, आणि खडे, बिया, पानं, शंख-शिंपले यांतूनच मोजायला शिकवायचं, ही त्यांची रीत. इथल्या वर्गात मुलं ठोकळे रचतात, बटणं रंगांप्रमाणे वेगळी करतात, वाळूत अक्षर काढतात, ते बघताना मला कोसबाड आठवायचं. त्या खेळात गणित आहे, हाताची तयारी आहे, 'आधी तू, मग मी' आहे. वहीतलं पान भरलेलं दिसत नाही, म्हणून शिकणं झालं नाही असं समजू नकोस.

आता तिचं न बोलणं. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेलं मूल सुरुवातीचे आठवडे, कधी काही महिने, वर्गात गप्प राहतं. ऐकत असतं, साठवत असतं. टीचरला पहिल्याच दिवशी सांग, 'मराठीत ती भरपूर बोलते.' या एका वाक्याने फार फरक पडतो. बाथरूम, वॉटर, हेल्प, स्टॉप, हे चार शब्द मात्र मोठ्याने म्हणायचा सराव करून घे. मूल मराठीतही अडखळत असेल, वाक्यं होत नसतील, तर थांबायचं नाही. तपासणीची लेखी मागणी केली की शाळेला सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांत तपासणीचा आराखडा हातात द्यावा लागतो. तुझ्या वर्णनावरून तुला त्याची गरज दिसत नाही.

वि. सा.

---

प्रेषक: स. कु., सॅन रमोन

काकूंच्या बाकी सगळ्या पत्राशी सहमत. भाषेच्या फॉर्मबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: इंग्रजी लिहा. आमच्या थोरल्याच्या वेळी मराठी लिहिलं. त्याची इंग्रजीची चाचणी झाली, 'इंग्लिश लर्नर' असा शेरा लागला आणि मग दर वसंतात पुन्हा तीच परीक्षा. तो घरात दोन्ही भाषा बोलायचा. शेरा निघायला तिसरी उजाडली. एवढ्याशा मुलाला वर्गातून बाजूला काढून वेगळं बसवायचं, हे मला आजही खुपतं. धाकटीच्या वेळी आम्ही इंग्रजी लिहिलं आणि काहीही बिघडलं नाही.

स. कु.

---

प्रेषक: वि. सा., सॅन होजे

स., तुझं खुपणं खरं आहे. काही शाळांत ही मदत फार यांत्रिक होते, हे मी आतून पाहिलं आहे. तरी मी खरं लिहा असंच सांगेन.

फॉर्मवर चार प्रश्न असतात: मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी ते जास्त करून काय बोलतं, आईवडील त्याच्याशी काय बोलतात, घरातली मोठी माणसं आपापसांत काय बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी एकाचं उत्तर इंग्रजीखेरीज काही असलं की शाळेला पहिल्या तीस दिवसांत 'एल्पॅक' नावाची चाचणी घ्यावी लागते. किंडरगार्टनमध्ये ती समोरासमोर बसून होते. चित्र दाखवून विचारायचं, गोष्ट सांगून परत सांगायला लावायची. इंग्रजी पुरेसं आलं तर तिथेच विषय संपतो, पुढे दर वर्षी परीक्षा नाही. नाही आलं, तर इंग्रजी शिकवण्यासाठी रोज ठरावीक वेळ देणं शाळेला बंधनकारक होतं. मृ.च्या मुलीला नेमकी तीच मदत हवी आहे. 'इंग्रजी' लिहिलं तर टीचरच्या कागदावर ती घरी इंग्रजी बोलणारी मुलगी ठरेल, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ वेगळाच लावला जाईल. लाजाळूपणापासून बोलण्याच्या अडचणीपर्यंत काहीही. २०२५-२६ पासून किंडरगार्टन ते दुसरीपर्यंत वाचनाच्या अडचणींची चाळणी दर वर्षी होते. मुलाची घरची भाषा ठाऊक नसेल तर त्या चाळणीचा निष्कर्षही चुकीचा वाचला जाऊ शकतो.

शेरा काढताना पालकांचं मत विचारात घ्यावं लागतं, ते नियमातच आहे. पालक-शिक्षक कॉन्फरन्सला दर वेळी विचारत राहायचं की अजून काय कमी पडतंय. आणि आणखी एक सांगते. पाच वर्षांचं मूल शेजारी उभं असतं तेव्हा आपण ऑफिसच्या खिडकीशी फॉर्मवर काय सांगतो, ते त्याला ऐकू येतं.

वि. सा.

---

प्रेषक: र. भि., डब्लिन

फॉर्मच्या वादात मी पडत नाही, पण किंडरगार्टनच्या वर्षात घरच्या मराठीचं काय होतं त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याची कल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती.

ऑक्टोबरपर्यंत आमची मुलगी शाळेतून आल्यावर रडायची, चिडायची. सगळी शक्ती तिकडे संपलेली असायची. नोव्हेंबरात खेळताना बाहुल्या इंग्रजीत बोलू लागल्या. शाळेचा शंभरावा दिवस झाला (त्या दिवशी मुलं शंभर वस्तू मोजून नेतात, आमच्या लेकीने शंभर चिंचोके नेले), त्या सुमारास ती आम्हालाही इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. आम्ही विचारायचो मराठीत, उत्तर यायचं इंग्रजीत. हे फार झपाट्याने होतं.

आमच्या घरात दोन गोष्टी टिकल्या. शाळेतला दिवस जेवताना मराठीत सांगायचा आणि शब्द अडला तर आम्ही नुसता तो शब्द पुरवायचा, 'मराठीत बोल' म्हणून टोकायचं नाही. दुसरं, शनिवारी सकाळी सांगलीच्या आजीशी व्हिडिओवर अर्धा तास. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे तिथे मराठी ही खरीखुरी गरज असते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत त्याच वर्षी घाला. तिथे आणखी मुलं मराठीत भांडताना दिसतात, आणि ते आईबाबांच्या हजार सांगण्यांपेक्षा जास्त पटतं.

टीचरने 'घरी इंग्रजी बोला' असा सल्ला दिला तर नम्रपणे नाही म्हणा. इंग्रजी शाळेत येतंच. मराठी घराबाहेर कुठून येणार?

र. भि.

---

प्रेषक: मृ. जो., सनीव्हेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला आणि चारही ठिकाणी मराठी लिहिलं. स.दादा, तुमचं पत्र वाचून आम्ही बराच वेळ बोललो. तुमच्या मुलासारखं होऊ नये म्हणून कॉन्फरन्सला काय विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवलंय. लशींचं कार्ड पाहिलं. एमएमआर नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि पुन्हा साडेचार वर्षांची असताना, म्हणजे निभावलं. कांजिण्यांचा दुसरा डोस राहिलाय, त्याची वेळ घेतली.

काकू, एकच राहिलं. डिसेंबरात दिराचं लग्न आहे, तीन आठवडे पुण्याला जायचंय. किंडरगार्टन इथे सक्तीची नाही असं वाचलं, मग सुट्टीचं चालून जाईल ना?

मृ.

---

प्रेषक: वि. सा., सॅन होजे

सक्ती सहाव्या वर्षापासून आहे हे खरं, पण नाव घातलं की हजेरी मोजली जाते, आणि इथे शाळांना मिळणारा पैसा रोजच्या हजेरीवर ठरतो. नाताळच्या सुट्टीचे दोन आठवडे धरून जा. उरलेल्या दिवसांसाठी निघण्याआधी ऑफिसात 'इंडिपेंडंट स्टडी'चा, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याचा, लेखी करार माग. आमच्याकडे काही आठवडे आधी सांगावं लागायचं, तुमच्या डिस्ट्रिक्टचा नियम विचारून घे. सोबत देतील तो गृहपाठ परत आल्यावर तपासतात, तेव्हा तो विमानातल्या बॅगेतच ठेव, मोठ्या बॅगेत नको.

वि. सा.